गावातील वीरगळांची नोंद आणि जपणूक कशी करावी

बेळगाव परिसरात कित्तूरचा किल्ला, बैलहोंगल येथील राणी चन्नम्मांची समाधी आणि १८३१ मध्ये संगोळी रायण्णांना फाशी दिले गेले ते नंदगड ही ठिकाणे सर्वपरिचित आहेत. परंतु देवळाच्या आवारात किंवा शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या वीरगळांकडे, म्हणजे धारातीर्थी पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव दगडांकडे, सहसा कोणी वळत नाही.

वीरगळ खालून वर वाचावा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा गोधनाच्या रक्षणाचा प्रसंग, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, असा क्रम बहुधा आढळतो. पट्ट्यांवर कधी जुन्या कन्नड लिपीतील लेखही असतो. सकाळच्या तिरप्या उन्हात झिजलेले कोरीव काम स्पष्ट दिसते, म्हणून छायाचित्रे त्याच वेळी, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावीत. उंची, रुंदी, दगडाचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि गुरव किंवा वडीलधारी मंडळी सांगतात ती आख्यायिका वहीत नोंदवावी, मात्र आख्यायिका इतिहास म्हणून लिहू नये.

अक्षरांवर खडू फिरवू नये. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटकावी. सर्वाधिक हानी भाविकांच्या ऑइलपेंटने आणि सिमेंटच्या चौथऱ्याने होते, हेतू कितीही चांगला असला तरी. दगड जागेवरून हलवू नये, कारण जागा हाही पुरावाच असतो. रस्त्याच्या कामात तो हलणार असेल तर ग्रामपंचायतीला आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला छायाचित्रांसह, शक्यतो कन्नडमध्ये, लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी.