झोन व्हॉल्व्ह बसवण्यापूर्वी : बॉयलरच्या घरासाठी तयारीची यादी

मॅसॅच्युसेट्समधील जुन्या दुमजली घरांत तळघरातला बॉयलर, तांब्याचे पाईप आणि भिंतींच्या पायथ्याशी बसवलेले, खोलीला उष्णता देणारे बेसबोर्ड अशी गरम पाण्याची व्यवस्था सर्रास आढळते. असे घर घेतलेल्या मराठी कुटुंबात पहिल्या हिवाळ्यातच तक्रार सुरू होते, की खाली दिवाणखान्यात उकडते आणि वर, पुण्याहून आलेले आई-बाबा झोपतात त्या खोलीत, दोन रजयाही पुरत नाहीत. घराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला स्वतंत्र झोन व्हॉल्व्ह (त्या विभागाचे गरम पाणी सोडणारी वा अडवणारी विजेची झडप) आणि थर्मोस्टॅट (तापमान ठरवण्याचे भिंतीवरचे यंत्र) देणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. पण त्याची तयारी सप्टेंबर संपण्यापूर्वी झाली पाहिजे, कारण एकदा थंडी पडली की प्लंबर मिळणे कठीण होते आणि पाईप रिकामे करून घर थंड ठेवणेही परवडत नाही.

सर्वप्रथम टॉर्च, कागद आणि पेन्सिल घेऊन तळघरात उतरावे आणि बॉयलरपासून निघालेला प्रत्येक पाईप कोणत्या खोलीखालून वर जातो व कोठून परत येतो, याचा नकाशा काढावा. सगळे बेसबोर्ड एकाच पाईपवर एकामागून एक ओवलेले असतील, तर नुसता व्हॉल्व्ह लावून काहीच साधत नाही. तेथे आधी पाईप तोडून दोन स्वतंत्र फेरे करावे लागतात आणि तो खर्च वेगळा धरावा लागतो. जुन्या पाईपांवर पांढरट, प्लास्टरसारखे आवरण दिसल्यास त्याला हात लावू नये. त्यात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ते तपासून घेतल्यावरच पुढचे काम सुरू करावे.

विभाग पाडताना खोल्यांच्या संख्येपेक्षा घरातील माणसांच्या सवयी पाहाव्यात. दिवसभर वावर असलेला भाग एका बाजूला आणि झोपण्याच्या खोल्या दुसऱ्या बाजूला, एवढी विभागणी बहुतेक घरांना पुरते. प्रत्येक खोलीला वेगळा व्हॉल्व्ह देण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १८० अंश फॅरनहाइट पाण्यावर पाऊण इंची बेसबोर्ड फुटामागे साधारण ५८० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) प्रतितास उष्णता देतो. म्हणजे १४ फूट बेसबोर्डची खोली सुमारे ८,००० बीटीयू घेते. बॉयलर १,००,००० बीटीयूचा असेल, तर एवढ्याशा मागणीसाठी तो दर थोड्या मिनिटांनी पेटत आणि विझत राहतो, इंधन वाया जाते आणि यंत्र लवकर झिजते. म्हणून लहान खोल्या एकत्र करून विभाग मोठा ठेवावा.

त्यानंतर पाण्याचा हिशेब करावा. पाणी जाऊन परत येईपर्यंत २० अंशांनी थंड होते असे धरले, तर मिनिटाला एक गॅलन पाणी तासाला सुमारे १०,००० बीटीयू वाहून नेते. पाऊण इंची तांब्याच्या पाईपमधून मिनिटाला चार गॅलन, म्हणजे ४०,००० बीटीयूपर्यंत, निर्धास्त धरता येतात. व्हॉल्व्हच्या कागदावर सीव्ही नावाचा आकडा असतो. एक पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) दाब खर्ची पडताना पूर्ण उघड्या व्हॉल्व्हमधून मिनिटाला किती गॅलन जातात, ते तो सांगतो. चार गॅलनला ३.५ सीव्हीचा व्हॉल्व्ह पंपाच्या हेडपैकी (पाणी ढकलण्याच्या जोरापैकी; तो फुटांत मोजतात) सुमारे तीन फूट खातो, तर ८ सीव्हीचा अर्ध्या फुटाहून थोडे अधिक घेतो. दोन्ही व्हॉल्व्ह पाऊण इंचीच असू शकतात, त्यामुळे केवळ पाईपचे माप सांगून व्हॉल्व्ह मागवू नये. एकच विभाग उघडा असताना ठरावीक वेगाचा पंप सगळे पाणी त्यातूनच रेटतो आणि पाईप घोंघावू लागतात; दाबानुसार आपला वेग कमी करणारा पंप घेतल्यास हा प्रश्न मुळातच मिटतो.

व्हॉल्व्हचे प्रकारही आधी समजून घ्यावेत. हनीवेलच्या व्ही८०४३ मालिकेत लहान मोटर व्हॉल्व्ह उघडते आणि वीज गेली की स्प्रिंग तो मिटवते; टॅकोच्या ५७० मालिकेत आतला घटक तापून व्हॉल्व्ह सावकाश उघडतो, त्यामुळे थर्मोस्टॅटने मागणी केल्यावर बॉयलर काही वेळाने पेटला तरी बिघाड समजू नये.

विजेच्या जोडणीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण बहुतेक चुका तेथेच होतात. मोटरचा व्हॉल्व्ह २४ व्होल्टवर ०.३२ अँपिअर, म्हणजे सुमारे ७.७ व्होल्ट-अँपिअर घेतो. तापून उघडणारा व्हॉल्व्ह जवळपास तिप्पट प्रवाह घेऊ शकतो. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पाटीवरचा आकडा वाचून बेरीज करावी आणि मगच ४० व्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर पुरतो का, ते ठरवावे. मोटरच्या दोन पिवळ्या तारा थर्मोस्टॅटमार्गे ट्रान्सफॉर्मरला जातात, तर दोन लाल तारा एंड स्विचच्या असतात. व्हॉल्व्ह पुरता उघडल्यावर हा स्विच जोडला जातो आणि बॉयलरच्या टीटी टर्मिनलला (थर्मोस्टॅटची मागणी घेणाऱ्या जोडणीला) पेटण्याची सूचना देतो. सर्व व्हॉल्व्हचे एंड स्विच आपापसांत समांतर जोडावेत आणि टीटीला बाहेरचे २४ व्होल्ट कधीही देऊ नयेत, कारण तेथे बॉयलरची स्वतःची वीज असते. आमच्या घरी आधीच्या कारागिराने वरच्या मजल्याच्या व्हॉल्व्हच्या लाल तारा नुसत्या गुंडाळून ठेवल्या होत्या. व्हॉल्व्ह उघडे, पंप बंद, बॉयलर थंड, अशा स्थितीत जानेवारीतली एक रात्र आम्ही काढली; खालचा थर्मोस्टॅट वाढवला की वरचाही मजला तापे, आणि तेवढ्यावरून दोष ओळखायला मला दोन दिवस लागले.

वायफायचा थर्मोस्टॅट लावायचा असेल, तर त्याला बहुधा सी तार, म्हणजे सतत वीज पुरवणारी जादा तार, लागते. म्हणून भिंतीतून पाच पदरी, १८ गेजची केबल आताच ओढून ठेवावी. नळाचे गरम पाणीही याच बॉयलरवर तापत असेल, तर त्या टाकीला प्राधान्य देणारे नियंत्रण पॅनेल मागवावे. ब्रिटनमधील नातेवाइकांनी पाठवलेली आकृती मात्र येथे वापरू नये. तिकडचे नेहमीचे झोन व्हॉल्व्ह २३० व्होल्टचे आणि पाच तारांचे असतात.

प्लंबरकडून काम करून घेताना नगरपालिकेचा परवाना लागत असेल, तर तो कोण काढणार, हे अंदाजपत्रकातच लिहून घ्यावे. सोल्डर करताना व्हॉल्व्ह त्याच्या हाताने सरकवायच्या खटक्याने उघडा ठेवून वर ओले फडके गुंडाळायला सांगावे, नाहीतर आतले रबर भाजते. पाण्याच्या दिशेचा बाण स्वतः पाहावा. दुमजली घरात थंड पाण्याचा दाब १२ पीएसआय पुरतो. हवा काढताना एका वेळी एकच विभाग उघडावा आणि दाब सुरक्षा व्हॉल्व्हच्या ३० पीएसआयच्या बराच खाली राहील, याकडे लक्ष ठेवावे.

शेवटी एकेक थर्मोस्टॅट वाढवून तळघरात यावे आणि मोटरच्या व्हॉल्व्हचा खटका बोटाने हलवून पाहावा. व्हॉल्व्ह विजेने उघडला असेल तर खटका सैल, हलका लागतो आणि मिटलेला असेल तर स्प्रिंगचा ताण जाणवतो. जो जसा लागला, तसा त्या विभागाच्या नावासह कागदावर टिपावा आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॉयलरशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवावा.