फाइल तपासणाऱ्या स्क्रिप्टमधील या चुका टाळा

फाइल आणि डिरेक्टरी रोज आपोआप तपासणारी स्क्रिप्ट चुकते, तेव्हा ती सहसा तक्रार करीत नाही. 'सर्व ठीक' असे सांगून मोकळी होते, आणि म्हणूनच तिच्यातील दोष महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाहीत.

सर्वांत घातक चूक म्हणजे शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलभोवती (मूल्य साठवणाऱ्या नावाभोवती) दुहेरी अवतरणचिन्हे न देणे. फाइलच्या नावात मोकळी जागा असली की एका नावाचे दोन तुकडे पडतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. व्हेरिएबल रिकामेच राहिले तर काय होते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. एकेरी चौकटी कंसात 'डॅश एफ' लिहून आपण फाइल आहे का ते विचारतो. पण व्हेरिएबल रिकामे असले आणि अवतरणचिन्हे नसली, तर कंसात केवळ 'डॅश एफ' एवढीच अक्षरे उरतात, शेल त्यांना पर्याय न मानता साधा मजकूर मानते, आणि तो मजकूर रिकामा नसल्यामुळे उत्तर 'खरे' येते. एका बॅकअपच्या तपासणीत मी हे स्वतः अनुभवले आहे : फाइलच नव्हती, तरी अहवाल रोज स्वच्छ येत होता.

फाइल शोधणाऱ्या 'फाइंड' कमांडवर विसंबतानाही असेच फसायला होते. तिला एकही फाइल सापडली नाही, तरी एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा; 0 म्हणजे यशस्वी) 0 च मिळतो. त्यामुळे कोड नव्हे, तर तिने छापलेली यादी रिकामी आहे का, हे तपासावे. शिवाय फाइल शेवटची कधी बदलली ते पाहणाऱ्या 'एमटाइम' पर्यायाला 'अधिक 1' दिले, तर एका दिवसाहून जुन्या फाइल मिळतील असे वाटते. प्रत्यक्षात वय पूर्ण दिवसांत मोजून अपूर्णांक सोडला जातो, म्हणून 48 तास उलटल्याशिवाय फाइल यादीत येत नाही.

डिस्क माउंट झालेली (म्हणजे एखाद्या डिरेक्टरीशी जोडलेली) नसली, तरी माउंटची डिरेक्टरी जागेवरच असते. तेव्हा केवळ डिरेक्टरी आहे एवढे पाहून थांबू नये. 'माउंटपॉइंट' कमांडने खात्री करावी. हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सेवेतून) बंद पडत असेल, तर प्रथम सापेक्ष पाथ (चालू डिरेक्टरीपासून दिलेले फाइलचे पत्ते) शोधावेत, कारण तेथे चालू डिरेक्टरी आणि पाथ व्हेरिएबल (कमांड कुठे शोधायच्या त्याची यादी) दोन्ही वेगळी असतात.

स्क्रिप्ट कामाला लावण्यापूर्वी एका चाचणी डिरेक्टरीत 0 बाइटची फाइल, मोकळी जागा असलेले नाव आणि तुटलेली सिंबॉलिक लिंक (जिने दाखवलेली फाइलच नाही अशी जोडणी) मुद्दाम ठेवावी, मग एक आवश्यक फाइल काढून टाकावी, आणि स्क्रिप्ट शून्येतर (म्हणजे चूक दर्शवणारा) एक्झिट कोड देते का, ते पाहावे.