क्लबची रायफल सोडून स्वतःची मॅच रायफल घेताना

रेंजवर काही महिने क्लबच्या रायफलवर नेम धरला की बहुतेकांना एकच वेध लागतात: आता स्वतःची गन हवी. मग सराव संपल्यावर चहाच्या टपरीवर तासभर तेच चालतं. फाइनवर्कबाऊ घ्यावी की वॉल्थर, स्टायर की मोरिनी, अमुक चॅम्पियन कुठली वापरतो. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचं जागतिक विजेतेपद मिळवलं, २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसहून कांस्य आणलं, आणि आता प्रत्येक रेंजवर पालक विचारतात, 'तो कुठली वापरतो?' या प्रश्नाचा तुम्हाला काही उपयोग नाही. त्यात स्वप्निलचं पदक ५० मीटरचं, म्हणजे काडतुसाच्या .२२ रायफलचं. तो प्रकारच वेगळा.

हा लेख १० मीटरच्या एअर रायफल आणि एअर पिस्तुलापुरता आहे. पाखरांवर नेम धरायला एअरगन हवी असेल तर पुढे वाचू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात अडकाल.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

दुकानात जाण्यापूर्वी एक चाचणी करा. क्लबची रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर नीट टेकवा, चांगल्या मॅच छर्ऱ्यांचा डबा घ्या आणि कागदी टार्गेटवर एकाच जागी दहा शॉट मारा. ट्रिगर सोडून कशालाही धक्का लागता कामा नये. मग त्या भोकाची जास्तीत जास्त रुंदी मोजपट्टीने मोजा.

आता थोडं गणित. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. छर्ऱ्याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचं केंद्र टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत आलं की १०.०, आणि तिथून आत दर पाव मिलिमीटरला दशांश एकने वाढतो. तुमचं दहा शॉटचं भोक बाहेरून बाहेर ७ मिलिमीटर भरलं असं धरू. त्यातून छर्ऱ्याचे ४.५ वजा केले की उरतात २.५, म्हणजे सगळे छर्रे मध्यापासून साधारण सव्वा मिलिमीटरच्या आत पडले. साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, नीट लावलेली असेल तर ही रायफल स्वतःहून १०.५ च्या खाली जात नाही. आणि तुमच्या स्कोअरशीटवर ९.४, ८.९ दिसत असतील, तर ते नळीतून आलेले नाहीत.

ही चाचणी केल्यावर बऱ्याच जणांची खरेदी वर्षभर पुढे जाते. जायलाच हवी. उलट टेकवून मारूनही ग्रुप, म्हणजे सगळ्या शॉटचं मिळून झालेलं भोक, दहा-बारा मिलिमीटरचा येत असेल, किंवा शॉट कधी वर तर कधी खाली जात असतील, तर रायफल थकलेली आहे. बहुतेक वेळा हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर किंवा सील गेलेलं असतं आणि ते दुरुस्त होतं. नवी रायफल घेण्याचं खरं कारण बहुधा तिसरंच असतं: क्लबची रायफल सगळ्यांची असते, दर तासाला कुणीतरी तिची मापं बदलतं, आणि तुम्हाला रोज नव्याने उभं राहायला शिकावं लागतं. या एका कारणासाठी मी कुणालाही रायफल घ्यायला सांगेन.

कायद्याचं आधी उरका

भारतात ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. मॅच रायफल साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास फेकते. हिशेब केला तर ती आठ ज्यूलच्याही आत बसते. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेईल; त्याने घेतला नाही तर दुकान बदला. बिलावर रायफलचा नंबर लिहून घ्या आणि बिलाची एक प्रत कायम केसमध्ये ठेवा. स्पर्धेला जाताना रेल्वे स्टेशनवर किंवा विमानतळावर हाच कागद उपयोगी पडतो. विमानात रायफल चेक-इन सामानात, आधी सांगून आणि हवेचा सिलिंडर रिकामा करूनच न्यायची.

परदेशातल्या दुकानातून थेट मागवायचा मोह टाळा. आयातीला परवानगी लागते, ती नसेल तर माल कस्टममध्ये अडकतो. .२२ कडे जायचं असेल तर आर्म्स अॅक्ट, १९५९ खाली परवाना लागतो. शहरात पोलीस आयुक्तालय, इतर ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालय. तो रस्ता लांबचा आहे. आधी १० मीटरवर स्कोअर स्थिर होऊ द्या.

पैशांचा हिशेब रायफलपासून सुरू करू नका

आयात केलेली वरच्या दर्जाची मॅच रायफल दोन लाखांच्या पुढे जाते, पिस्तूल त्याहून थोडं कमी. घरच्यांना हा आकडा सांगून होकार मिळवतात आणि मग कळतं की रायफलवाल्याला जॅकेट, पँट, बूट आणि ग्लोव्ह लागतात, वर्षभराचे छर्रे लागतात आणि हवा भरायची सोय लागते. म्हणून हिशेब उलटा मांडा. वर्षभराच्या छर्ऱ्यांचे आणि रेंज फीचे पैसे बाजूला काढा, मग अंगाला बसणाऱ्या जॅकेटचे, आणि जे उरेल त्यात रायफल. दुसऱ्याच्या मापाचं जॅकेट घालून तीन लाखांची रायफल धरणारी मुलं प्रत्येक रेंजवर असतात. त्यांचे खांदे पाहिले की कळतं, पैसा चुकीच्या जागी गेला आहे.

हात आखडता असेल तर प्रिसिहोलसारख्या भारतीय कंपनीच्या हवा भरून चालणाऱ्या रायफलवर पहिली दोन वर्षं खुशाल काढावीत. फाइनवर्कबाऊ ५०० किंवा वॉल्थर एलजी ४०० ज्युनिअर ही मधली पायरी. त्यांचा स्टॉक, म्हणजे नळी धरणारा आणि खांद्या-गालाला टेकणारा सांगाडा, महागड्या रायफलइतका फिरवता येत नाही, पण नळी उत्तम असते.

नावापेक्षा माप बघा

वरच्या दर्जाच्या सगळ्या मॅच रायफली टेकवून मारल्या तर दहा छर्रे जवळजवळ एकाच भोकातून काढतात. कंपनी सोबत तसं टेस्ट टार्गेटही देते. त्यामुळे नळीवरून वाद घालण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो स्टॉक किती सरकतो, किती फिरतो आणि तुमच्या अंगाला किती लागू पडतो यात.

रायफल हातात घेऊन हे करून पाहा, शक्यतो जॅकेट घालून. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवा, रायफल त्या हातावर ठेवा, बटप्लेट खांद्यात बसवा, गाल चीकपीसवर टेका आणि डोळे मिटा. दोन श्वास घ्या. मग मान न हलवता डोळे उघडा. मागच्या पीप साइटचं छिद्र थेट डोळ्यासमोर आलं पाहिजे आणि त्यात पुढची रिंग मधोमध दिसली पाहिजे. रिंग पाहायला मान पुढे ताणावी लागली तर साइट मागे सरकते का, बटप्लेट कमी लांबीवर येते का ते पाहा. गाल दाबावा लागला तर चीकपीस खाली जातो का ते पाहा. कोपर कमरेवर असूनही रायफल डोळ्याच्या खालीच राहत असेल, तर नळी आणि हात यांच्यातलं अंतर वाढवणारा सपोर्ट लागेल. छोट्या हातांच्या आणि लांब मानेच्या शूटरचा हा नेहमीचा प्रश्न, आणि इथे साधा लाकडी स्टॉक हार मानतो. अॅल्युमिनियमचा स्टॉक म्हणूनच पसरला. दिसायला तो बांधकामाच्या सामानासारखा दिसतो खरा, पण मापाला ऐकतो.

वजनाची वरची मर्यादा साडेपाच किलो आहे. मर्यादा आहे म्हणून तिथवर जायचं नसतं. पात्रता फेरीत ६० शॉटसाठी सव्वा तास मिळतो. त्यातल्या शेवटच्या वीस शॉटमध्ये कंबर काय म्हणते यावर वजन ठरवा. हलकी रायफल घेऊन पुढे वजनाचे तुकडे लावता येतात. जड रायफल हलकी करता येत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी घेत असाल तर आजच्या मापापेक्षा पुढच्या तीन वर्षांत स्टॉक किती लांब होईल ते विचारा.

डावखुऱ्यांनी एक गोष्ट बघावी: हात डावा, पण नेमाचा डोळा कोणता? दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबाकडे बोट दाखवा आणि मग आळीपाळीने एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला बोट खांबावरच दिसतं, तो तुमचा. ग्रिप (मूठ) आणि चीकपीस ठरवताना हे कोचसमोरच करा.

पिस्तूल घेणाऱ्यांना

पिस्तुलात ग्रिप म्हणजे सगळं काही. ग्रिप मापांत मिळते. हात बसला की पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मधोमध यायला हवी. मनगट वळवून आणावी लागली तर ती तुमची ग्रिप नाही. लाकूड थोडं घासून किंवा पुट्टी लावून ती बसवता येते, आणि चांगले पिस्तूलवाले हे काम वर्षानुवर्षं करत राहतात. ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅमचा भार लागला पाहिजे. स्पर्धेच्या तपासणीत वजन लटकवून पाहतात, तेव्हा अगदी काठावर ठेवू नका. एकूण वजन १५०० ग्रॅमच्या आत.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर अप्रतिम असतो, फक्त त्याची दुरुस्ती तालुक्याच्या गावी होत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ ला मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, वेळ हातातून गेला आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली. तिच्याजवळ संघ होता, सुटे भाग होते, तरी हे झालं. म्हणून विक्रेत्याला आधी विचारा: सील, ट्रिगरचे भाग आणि सिलिंडर तुमच्याकडे आत्ता आहेत का, आणि दुरुस्ती कोण करतं? उत्तर 'मागवून देऊ' असं आलं, तर कितीही सूट मिळाली तरी तिथे घेऊ नका.

वापरलेली घेताना

माझं मत विचाराल तर दुसरी गन वापरलेली घ्यावी. मॅच एअर रायफल सहजासहजी झिजत नाही, आणि शूटिंग सोडणारे दर वर्षी असतात. बारावीचं वर्ष आलं की रेंजवर विक्रीच्या चिठ्ठ्या लागतात!

सगळ्यात आधी सिलिंडर बघा. त्यावर तारीख कोरलेली असते आणि उत्पादक सहसा दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर हवा उत्तम धरत असला तरी स्पर्धेत चालत नाही, आणि दोनशे बारचा दाब हा काही जोखीम घेण्याचा विषय नव्हे. नवा सिलिंडर महाग पडतो, तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगा. मग तो पूर्ण भरून घ्या, गेजवरचा आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. काटा उतरला असेल तर कुठेतरी सील गळतं आहे. मालक एक दिवस थांबायला तयार नसेल, तर का नाही ते कळलंच.

पुढे टेकवून दहा शॉट, वर सांगितल्याप्रमाणे. पीप साइटचे स्क्रू दोन्ही दिशांना फिरवून पाहा. दहा क्लिक डावीकडे आणि दहा उजवीकडे फिरवल्यावर शॉट मूळ जागी परत यायला हवा. वरळीच्या समुद्रालगतच्या किंवा कोकणातल्या रायफलीचे स्क्रू आणि साइटच्या खालची बाजू खास बघा, तिथे गंज लपतो. हातपंपाने हवा भरली जात असेल तर पावसाळ्यातला दमटपणाही आत जातो. हवा सुकवणारा फिल्टर वापरला होता का, हे विचारायला लाजू नका.

फाइनवर्कबाऊची ६०३ सारखी जुनी रायफल कुणी विकत असेल तर नाक मुरडू नका. ती बाजूचा दांडा एकदा ओढून हवा दाबते, सिलिंडर नाही की पंप नाही. साठ वेळा दांडा ओढून दंड भरून येतात, पण जिथे हवा भरायची सोयच नाही अशा गावात ती सोन्याहून पिवळी.

छर्रे, आणि पहिले दोन महिने

रायफल आली की लगेच एकाच जातीच्या छर्ऱ्यांचे दहा डबे घेऊ नका. ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा डोक्याच्या मापांचे, दोन-तीन कंपन्यांचे एकेक डबे घ्या आणि टेकवून ग्रुप काढा. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. जो ग्रुप सगळ्यात लहान, त्याच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत बनलेले, डबे पुढे घ्या. लॉट नंबर डब्यावरच असतो.

मग कोचसोबत बसून मापं लावा आणि चीकपीस, बटप्लेट, साइट यांच्या प्रत्येक पट्टीवरचा आकडा वहीत लिहा, मोबाइलवर फोटोही काढा. पुढचे दोन महिने एकाही स्क्रूला हात लावायचा नाही. एखादा दिवस वाईट गेला तरीही नाही. त्यानंतर बदल करायचाच असेल तर एका वेळी एकच, आणि त्यावर किमान आठवडाभर मारून बघायचं. आधीची स्वतःची रायफल असेल तर ती तोवर विकू नका. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवीचं सील गेलं तर हाताशी तीच असेल.