विंडोजशेजारी लिनक्स टाकायचंय? आधी कागद-पेन घ्या

गेल्या खेपेला माझी तयारी फक्कड होती. लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह तयार, लॅपटॉप चार्जिंगला, सी ड्राइव्हमधून ८० जीबी कापून मोकळी ठेवलेली. फर्मवेअरच्या (बायोसच्या) मेनूत गेलो, कुठेतरी वाचलं होतं म्हणून सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारा पहारा, बंद केलं, सेव्ह करून बाहेर आलो. पेनड्राइव्ह पहिल्या नंबरावर लावायचा राहिला होता, म्हणून विंडोजच सुरू व्हायला गेलं आणि समोर निळा पडदा आला: बिटलॉकर रिकव्हरी, ४८ अंकी की टाका. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, मी कधी चालूच केली नव्हती! निदान माझी तशी समजूत होती.

त्याच पावली परत जाऊन सिक्युअर बूट चालू केलं असतं तर बहुतेक गाडी रुळावर आली असती. पण घाबरलेला माणूस दिसेल ते बटण दाबतो. मी 'क्लिअर टीपीएम' दाबलं. टीपीएम म्हणजे मशीनमधली सुरक्षेची चिप. डिस्कचं कुलूप आपोआप उघडणारी व्यवस्था त्याच चिपमध्ये असते, ती मी स्वतःच्या हाताने पुसली. आता रिकव्हरी कीशिवाय मार्ग नव्हता. फोनवरून मायक्रोसॉफ्टचं खातं उघडलं, तिथे तीन की होत्या. हायसं वाटलं. पडद्यावर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं एकेकीशी ताडून पाहिली. एकही जुळेना. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना घाईत भलताच ईमेल दिला होता आणि त्या खात्याचा ओटीपी कधीच बंद पडलेल्या नंबरावर जात होता. शेवटी अख्खी डिस्क पुसली. बॅकअप होता, आठ महिन्यांपूर्वीचा.

तेव्हा यादीतलं पहिलं काम रिकव्हरी कीचं. दुसरं काही करू नका, पेनड्राइव्हला हातसुद्धा लावू नका. 'माझ्याकडे बिटलॉकर नाही' हे मला सांगू नका, मीही तेच म्हणत होतो. विंडोजच्या होम आवृत्तीत हीच गोष्ट 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने वावरते, आणि विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून तर नव्याने सेटअप करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर ती न विचारता चालू होते. एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्हवर कुलपाचं चित्र आहे का बघा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. चालू असेल तर खात्यात जाऊन की शोधा, आणि ती याच मशीनची आहे याची खात्री करा. त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'मॅनेज-बीडीई' या कमांडने सी ड्राइव्हचे प्रोटेक्टर (कुलूप उघडायचे मार्ग) मागवा. तिथे आयडी आणि ४८ अंक दोन्ही समोर येतात. खात्यातला आयडी आणि हा आयडी एकच हवा. माझं घोडं नेमकं इथे अडलं होतं.

मग ते ४८ अंक कागदावर लिहा. सहा-सहा अंकांचे आठ गट असतात. लिहिताना चूक होतेच, पण ती पकडायची सोय त्या अंकांतच आहे: प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. समजा गट ४१३५८९ आहे. एकाआड एक अंकांची बेरीज करा, ४ अधिक ३ अधिक ८ म्हणजे १५, आणि १ अधिक ५ अधिक ९ म्हणजेही १५. फरक शून्य, गट बरोबर (फरक ११ आला तरी बरोबरच). घाईत ४१३५६९ लिहिलं असेल तर १३ आणि १५ येतात, म्हणजे चुकलं. आठही गट असे तपासायला पाच मिनिटं लागतात. फोनवर फोटोही काढा, हरकत नाही, पण कागद हवाच. आणि ज्या डिस्कला कुलूप आहे तिच्यावरच फाइल करून ठेवणं म्हणजे घराची चावी घरातच ठेवून दार ओढून घेणं.

बॅकअप. बाहेरच्या डिस्कवर, आजचा. त्यातली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. यावर जास्त बोलत नाही.

आता फास्ट स्टार्टअप बंद करायचं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपल्या कर्नेलची (गाभ्याची) अवस्था डिस्कवर लिहून ते झोपी जातं. त्या अवस्थेत सी ड्राइव्ह अर्धवट उघडा असतो. लिनक्स तो एकतर नुसता वाचायला देतं किंवा जोडायलाच नकार देतं, आणि ते बरोबरच आहे, कारण जबरदस्तीने त्यात काही लिहिलं तर विंडोज जागं झाल्यावर फाइलींची वाट लागू शकते. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये टिकमार्क काढता येतो. मी सरळ 'पॉवरसीएफजी' कमांडने हायबरनेशनच ऑफ करतो. फास्ट स्टार्टअप त्यावरच उभं असल्यामुळे तेही जातं, आणि हायबरनेशनची काही जीबींची फाइल डिस्कवरून नाहीशी होते. तिचा फायदा पुढे कापाकापीच्या वेळी होतो.

डिस्कच्या पार्टिशनांची (तुकड्यांची) नोंद ठेवायच्या दोन पद्धती आहेत, नवी जीपीटी आणि जुनी एमबीआर. आपली कोणती ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून, प्रॉपर्टीजच्या व्हॉल्यूम्स टॅबमध्ये दिसतं. जीपीटी असेल तर पुढे चला. जुन्या मशीनवर एमबीआर निघाली तर प्रायमरी पार्टिशन चारच मावतात. चार आधीच भरलेली असताना विंडोजमधून पाचवं करायला गेलात तर ते डिस्क 'डायनॅमिक' करू का विचारतं. नाही म्हणा. डायनॅमिक डिस्कवर लिनक्सचा इन्स्टॉलर पुढे सरकत नाही आणि विनासायास मागेही येता येत नाही.

आहे त्या मांडणीचा एक फोटो काढून ठेवा. साधारणपणे सुरुवातीला ईएफआय सिस्टम पार्टिशन असतं, मशीन सुरू करणाऱ्या फाइली त्यात असतात, कुठे १०० एमबी, कुठे २६०. मग विंडोजने स्वतःसाठी राखलेलं १६ एमबीचं एमएसआर, जे डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसतच नाही. मग सी, आणि शेवटी रिकव्हरी. ही छोटी पार्टिशनं बघून 'कचरा दिसतोय, काढून टाकू' असं वाटतं. काढू नका. ईएफआय गेलं की विंडोजला सुरू होण्याची जागाच उरत नाही.

कापणं विंडोजमधूनच. सी ड्राइव्हवर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम', आकडा एमबीमध्ये. ६० जीबी हवी तर ६०००० नाही, ६१४४०. इथे बहुतेकांची पहिली निराशा होते: २०० जीबी रिकामी असताना विंडोज म्हणतं, १२ जीबीच मिळेल. याचं कारण असं की श्रिंक मागच्या टोकाकडून जागा सोडवत येतं आणि वाटेत न हलणारी फाइल आडवी आली की थांबतं. या न हलणाऱ्या फाइली कोणत्या? पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं ती), हायबरनेशनची फाइल (ती आपण आधीच उडवली), आणि सिस्टम रिस्टोरने राखलेल्या जुन्या प्रती. पेजफाइल तात्पुरती बंद करा, सी ड्राइव्हचं सिस्टम प्रोटेक्शन बंद करा, रीस्टार्ट करा, पुन्हा श्रिंक करा. तरी अडलं तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशनच्या नोंदींत २५९ क्रमांकाचा इव्हेंट शोधा, कोणती फाइल आडवी आली ते त्यात नावानिशी लिहिलेलं असतं. जागा सुटली की पेजफाइल आणि प्रोटेक्शन परत चालू करा. आणि सुटलेली जागा तशीच 'अनअलोकेटेड' ठेवा. तिथे विंडोजमधून नवं पार्टिशन करून फॉरमॅट मारायची हौस आवरा, लिनक्सला त्याचा काही उपयोग नाही.

सी ड्राइव्हला श्वास घ्यायला जागा ठेवा. विंडोजच्या मोठ्या अपडेटना वीसेक जीबी हाताशी लागते, ती सगळी लिनक्सला देऊन बसू नका.

फर्मवेअरमध्ये पाऊल टाकायच्या आधी पुन्हा तेच: कागद कुठे आहे? खिशात? बघा. टीपीएम प्रत्येक वेळी मशीन ओळखीच्याच पद्धतीने सुरू होतंय का ते मोजून बघतो. सिक्युअर बूट बदललं की माप चुकतं आणि तो कुलूप उघडत नाही. ही चिपची चूक नाही, तिचं कामच ते आहे. म्हणून एन्क्रिप्शन आधी बाजूला करायचं. प्रो आवृत्तीत 'सस्पेंड प्रोटेक्शन' आहे, पण त्यात मेख आहे: कंट्रोल पॅनेलमधून सस्पेंड केलं तर पुढच्या वेळी विंडोज सुरू झालं की ते आपोआप पुन्हा लागू होतं. पेनड्राइव्ह, विंडोज, परत फर्मवेअर अशा दोन-तीन फेऱ्या तर होणारच. शिवाय काही इन्स्टॉलर एन्क्रिप्टेड पार्टिशन दिसलं की तिथेच थांबतात आणि विंडोजमध्ये जाऊन ते बंद करून या म्हणतात. मी हल्ली सरळ पूर्ण डिक्रिप्ट करतो. वेळ लागतो, मोठ्या डिस्कवर काही तासही. लागू दे.

सिक्युअर बूट बंद करायची तर बहुधा गरजच नसते. उबंटू, फेडोरा, डेबियन यांचं शिम, म्हणजे सगळ्यात आधी सुरू होणारा छोटा प्रोग्राम, सही केलेलं असतं, ते सिक्युअर बूट चालू असतानाही सुरू होतं. म्हणजे ज्या एका क्लिकने माझा घात केला, ती क्लिक फुकटची होती. अजून चरफडतो मी.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बऱ्याच इंटेलच्या मशीनवर कारण आरएसटी किंवा व्हीएमडी, म्हणजे डिस्क हाताळायची इंटेलची खास पद्धत, हे असतं. फर्मवेअरमध्ये ते बदलून एएचसीआय ही साधी पद्धत करावी लागते, पण तसंच बदललं तर विंडोज निळं पडतं. क्रम असा: आधी एमएसकॉन्फिगमध्ये बूट टॅबवर 'सेफ बूट' टिक करा, रीस्टार्ट करून फर्मवेअरमध्ये एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये उघडू द्या, टिक काढा, पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा खरा पासवर्ड पाठ हवा. आणि हा बदलसुद्धा फर्मवेअरमधलाच आहे. कागद?

पेनड्राइव्ह ८ जीबीचा, त्यावरचं सगळं पुसलं जाणार. डाउनलोड केलेल्या आयएसओचा (लिनक्सच्या इन्स्टॉल फाइलचा) शा-२५६, म्हणजे फाइल बिनचूक उतरली का ते सांगणारा ठसा, ताडून घ्या. ती पेनड्राइव्हवर चढवायला रुफस किंवा एचर, काहीही वापरा. 'ट्राय' निवडून आधी वायफाय, आवाज, टचपॅड चालतात का बघा.

इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' सोडून काहीही. मी मॅन्युअलच घेतो. डिस्क नावावरून नाही, आकारावरून ओळखा, पेनड्राइव्हही त्याच यादीत असतो. मोकळ्या जागेत रूटसाठी, म्हणजे खुद्द लिनक्ससाठी, एक एक्स्ट४ (लिनक्सच्या फॉरमॅटचं) पार्टिशन, ५०-६० जीबीत आरामात भागतं. होम (तुमच्या फाइलींची जागा) वेगळं हवं तर करा, नाही केलं तरी अडत नाही. स्वॅपचं (रॅम अपुरी पडली की वापरायच्या जागेचं) वेगळं पार्टिशन उबंटूने १७.०४ पासून सोडून दिलंय, फाइलवर काम चालतं. लिनक्समध्ये हायबरनेट करायचं असेल तर मात्र रॅमएवढं स्वॅप ठेवा. ईएफआय पार्टिशन जुनंच निवडा, माउंट करा, 'फॉरमॅट'ची टिक रिकामी आहे ना ते दोनदा बघा. शेवटी बदलांची यादी येते, ती वाचा. त्यात सी ड्राइव्हच्या आकाराचं काही दिसलं तर मागे फिरा.

झाल्यावर ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला विंडोज की लिनक्स ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूत विंडोज दिसलं नाही तर घाबरू नका, ग्रबच्या २०२१ मधल्या २.०६ पासून दुसऱ्या सिस्टम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद येतो. ग्रबच्या डीफॉल्ट फाइलमध्ये तो चालू करून 'अपडेट-ग्रब' चालवा. विंडोजचं घड्याळ काही तास मागेपुढे होईल, कारण विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). 'टाइमडेटसीटीएल'ने लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगा. एकेकदा दोन्हीत शिरून बघा.

मग विंडोजमध्ये एन्क्रिप्शन परत चालू करा. डिक्रिप्ट करून पुन्हा चालू केलं असेल तर की नवी तयार होते, तुमच्या खिशातला कागद आता रद्दी. नवा कागद घ्या, आठ गट, ११ ने भाग, आयडी ताडून.