टेस्ट संपली, फायली उरल्या

टेस्ट ऑटोमेशनमध्ये, म्हणजे प्रोग्राम तपासणारा कोड लिहिण्याच्या कामात, नवीन आलेला माणूस टेस्ट लिहायला लवकर शिकतो, पण टेस्टने मागे टाकलेल्या फायलींकडे त्याचं लक्ष जातं ते कोड आपोआप बांधून तपासणारा बिल्ड सर्व्हर 'डिस्कवर जागा नाही' म्हणून अडून बसल्यावर. त्यातही गंमत अशी, की कधी कधी डिस्क अर्धी रिकामी दिसते. लाखो चिमुकल्या फायलींनी जागा नव्हे, आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या फाइल सिस्टिममधल्या नोंदी) संपवलेले असतात. लिनक्सवर डिस्कची जागा दाखवणाऱ्या 'डीएफ' कमांडला 'आय'चा पर्याय (-i) दिला की ते दिसतं.

माझ्याकडे रिव्ह्यूला कोड आला की मी एकच गोष्ट आधी बघतो: फाइल पुसण्याची ओळ कुठे आहे? टेस्टच्या तळाशी असेल तर कोड परत पाठवतो. वरची तपासणी फेल झाली की तळापर्यंत कोणी पोचतच नाही. फोल्डर तयार केलं त्याच जागी त्याच्या साफसफाईची सोय लावायची. ही सोय टेस्ट चालवणाऱ्या फ्रेमवर्कमध्येच असते, स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका. गो भाषेत 1.15 पासून 'टेम्पडिर' हे आपोआप पुसलं जाणारं तात्पुरतं फोल्डर देणारं फंक्शन आहे, जावाच्या जेयुनिटमध्ये 5.4 पासून त्याच नावाचं अ‍ॅनोटेशन (कोडला लावायची खूण) आहे. फाइलचं नाव ठरावीक ठेवलं आणि टेस्ट समांतर चालल्या, तर एकीचा डेटा दुसरी पुसते. प्रत्येक टेस्टला वेगळं फोल्डर मिळालं की हा घोळही मिटतो.

मात्र सगळं लगेच पुसणंही मला पटत नाही. टेस्ट फेल झाली, तर त्या फायली हाच पुरावा असतो. पायथनचा पायटेस्ट मुळातच शेवटच्या 3 रनची तात्पुरती फोल्डरं ठेवतो, आणि 7.3 पासून फक्त फेल झालेल्या टेस्टची ठेवा असंही सांगता येतं. सीआयवर, म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर, हे सेटिंग जरूर लावा.

विंडोजवर उघडी असलेली फाइल सहसा पुसता येत नाही, आणि तिथे टेस्ट लाल, म्हणजे फेल, होते. नवखे वैतागून ती एरर गिळून टाकणारा कोड घालतात. तसं करू नका. बऱ्याचदा मूळ प्रोग्रामच फाइल बंद करायला विसरलेला असतो आणि लिनक्सवर ते कधीच कळलं नसतं.

उरला प्रश्न प्रोसेस 'किल माइनस नाइन'ने (जबरदस्तीने जागीच बंद करणाऱ्या कमांडने) मारल्याचा. तेव्हा कुठलाच क्लीनअप चालत नाही. म्हणून जॉब सुरू होतानाच जुनं फोल्डर झाडून घ्यायचं, शेवटावर विसंबायचं नाही.