हृदयाच्या झडपेचा आजार आणि न हटणारा ताप : या चुका टाळा

संध्याकाळी अंगात कणकण, रात्री दरदरून घाम, सकाळी पुन्हा बरं. असे पंधरा-वीस दिवस अंगावर काढून पेशंट आमच्या हृदयरोग वॉर्डात येतो, तेव्हा नातेवाइकाच्या हातात एक कॅरीबॅग असते. तिच्यात तीन-चार प्रकारच्या अँटिबायोटिकची अर्धवट पाकिटं. ती पिशवी बघितली की मला काळजी वाटायला लागते. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने (घशाच्या संसर्गानंतर येणारा, सांधे आणि हृदयाला सूज आणणारा ताप) खराब झालेल्या, जन्मापासून सदोष असलेल्या किंवा बदललेल्या झडपेवर जंतू बसले असतील, तर सगळ्यात महत्त्वाचा पुरावा त्या गोळ्यांनी पुसत आणलेला असतो. या आजाराला एन्डोकार्डायटिस म्हणतात.

ब्लड कल्चरच्या आधी गोळी

ब्लड कल्चर म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखायची तपासणी. तिच्याआधी अँटिबायोटिक घेण्याच्या चुकीने सगळ्यात जास्त नुकसान होतं. झडपेवरचे जंतू रक्ताच्या गोठलेल्या थरात दडून बसतात. झडपेला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच, त्यामुळे शरीराची फौज तिथे नीट पोचत नाही. तीन दिवसांच्या गोळ्यांनी रक्तातले जंतू कमी होतात, ताप उतरतो, घरचे निश्चिंत होतात. झडपेवरचे मात्र तसेच असतात. कोर्स संपला की आठवड्याभरात कणकण परत. आणि आता कल्चर केलं तर त्यात काहीच उगवत नाही. जंतू कोणता हेच कळलं नाही, तर औषध अंदाजाने द्यावं लागतं.

कल्चरसाठी रक्त तीन वेळा, वेगवेगळ्या जागी सुई टोचून घ्यावं लागतं. पहिल्या आणि शेवटच्या वेळेत निदान एक तासाचं अंतर, मोठ्या माणसाचं एका बाटलीत 8 ते 10 मिली. "सिस्टर, आधीच अंगात रक्त नाही, अजून किती काढताय?" हे रोज ऐकते. घाई मात्र करत नाही. त्वचा पुसून पूर्ण सुकू देते, बाटलीचं रबरी झाकणही पुसते. कातडीवरचा एखादा जंतू बाटलीत गेला तरी रिपोर्ट दिशाभूल करतो. पेशंट फारच गंभीर असेल तर रक्त भराभर घेऊन लगेच औषध सुरू करतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत.

झडपेबद्दल न सांगणं

तापाचा पेशंट गावातल्या दवाखान्यात जातो, विडाल (टायफॉईडसाठीची रक्ततपासणी) थोडी पॉझिटिव्ह येते आणि टायफॉईडची औषधं सुरू होतात. छातीवरचा ऑपरेशनचा व्रण कपड्याखाली असतो. डॉक्टरांना कळणार कसं? पहिल्या वाक्यातच सांगा: "माझ्या झडपेत दोष आहे." जुना इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्ट सोबत ठेवा. नखाखाली बारीक लालसर-तपकिरी रेघा, लघवीत रक्त, वाढता दम दिसला तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला तर एक मिनिटही थांबू नका.

"माझं 21 दिवसांचं इंजेक्शन चालू आहे"

दर 21 दिवसांनी घ्यायचं ते पेनिसिलीन ऱ्हुमॅटिक ताप पुन्हा येऊ नये म्हणून असतं. या संसर्गापासून त्याने संरक्षण मिळत नाही. तरी ते चुकवू नका, त्याचं काम वेगळं आहे.

दातांकडे दुर्लक्ष

मिश्री लावताना हिरडीतून रक्त येतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. तोंडातले जंतू तिथूनच रक्तात शिरतात. मिश्री सोडा, दोन वेळा मऊ ब्रश करा. कृत्रिम झडप असेल, हा आजार आधी होऊन गेला असेल किंवा जन्मजात हृदयविकाराचे काही प्रकार असतील, तर दात काढण्यापूर्वी 30 ते 60 मिनिटं आधी अँटिबायोटिकचा एकच डोस देतात. मोठ्यांना बहुधा 2 ग्रॅम अमॉक्सिसिलिन, पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर दुसरं औषध. तुम्हाला तो हवा का, हे तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. आणि दात काढायचाय म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. कृत्रिम झडपेवर गुठळी बसते.

ताप उतरला, घरी सोडा

पाचव्या-सहाव्या दिवशी हा आग्रह सुरू होतो. शेतीची कामं, मुलांची शाळा, खर्च, सगळं मला कळतं. पण दडलेले जंतू मारायला शिरेतून औषध साधारण 4 ते 6 आठवडे लागतं, कृत्रिम झडपेला निदान 6. काही ठीकठाक पेशंटना शेवटचे आठवडे गोळ्यांवर नेता येतं, पण ते डॉक्टरच ठरवतात. एकदा हा आजार झालेल्याला तो पुन्हा होऊ शकतो. म्हणून डिस्चार्ज कार्डाच्या मागे मी पेनाने वॉर्डचा नंबर लिहून देते आणि खाली एक ओळ: ताप आला तर मेडिकलवर जाण्याआधी इथे फोन करा.