विद्यापीठात नवं निधी खातं उघडताना या चुका टाळा

मंजुरीपत्र हातात आहे, पैसे जमा झाल्याचा निरोपही आला आहे, पण खरेदीची मागणी नोंदवली की संगणकावर एकच ओळ येते: ‘निधी उपलब्ध नाही’. ही तक्रार घेऊन लेखा विभागात आलेली माणसं मी वर्षानुवर्षं पाहतो आहे आणि त्यांची तगमग मला समजते. प्रयोगशाळेतली रसायनं संपत आलेली असतात, प्रकल्पावर नेमलेल्या साहाय्यकाचा पगार अडकलेला असतो आणि पैसा असून खर्च करता येत नाही. खोलात गेलं की बहुतेक वेळा लक्षात येतं, चूक त्या दिवशीची नाहीच. खात्यासाठीचा अर्ज भरला तेव्हाच ती होऊन गेली होती.

अर्जदार निधी खात्याला बँकेतलं खातं समजतात, तिथून गोंधळ सुरू होतो. विद्यापीठाची बँक खाती मोजकी असतात आणि एकाच बँक खात्यात अनेक निधींचे पैसे एकत्र असू शकतात. त्यातले कोणाचे किती, ते कशावर खर्च करता येतात आणि कधीपर्यंत, हे खातेवहीतल्या निधी क्रमांकावरून कळतं. म्हणजे तुम्ही मागताय ती पैसे देणाऱ्याच्या अटींची एक स्वतंत्र नोंद. हे डोक्यात ठेवून अर्जाकडे पाहिलं की कुठल्या रकान्यात काय लिहायचं, ते बरंचसं आपोआप सुचतं.

गरज नसताना नवा क्रमांक मागणं

एका विभागाला एकाच अनुदानातून दोन कार्यशाळा आणि एक सर्वेक्षण करायचं होतं. त्यांनी तीन निधी खाती मागितली, कारण तिन्हींचा खर्च त्यांना वेगवेगळा पाहायचा होता. पण देणारा एक, अटी एक, मुदत एक. अशा वेळी निधी एकच ठेवून त्याखाली तीन उपक्रम-क्रमांक घेतले की काम होतं. वेगळा निधी हवा तो पैशाचा स्रोत किंवा अटी वेगळ्या असतील तेव्हा. तीन निधी केले, तर तिन्हींचा मेळ वेगळा घालावा लागतो, अहवाल तीन, आणि एका कार्यशाळेतून उरलेले पैसे दुसरीकडे वापरायचे तर मधे रक्कम वर्ग करण्याची परवानगी येते.

उलट चूकही होते आणि ती जास्त महागात पडते. नव्या अनुदानाचे पैसे जुन्या, चालू खात्यात टाकून घेतले जातात, ‘सध्या तिथेच राहू द्या’ म्हणून. वर्षाअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यायची वेळ आली की कोणत्या बिलाचे पैसे कोणत्या देणाऱ्याचे, हे व्हाउचर एकेक उलगडून शोधावं लागतं.

देणगी आणि प्रायोजित प्रकल्प यांत गल्लत

सर्वांत जास्त अर्ज परत जातात ते इथे. अर्जात निधीचा प्रकार विचारलेला असतो आणि पत्रात ‘देणगी’ हा शब्द दिसला म्हणून अर्जदार ‘देणगी’ वर खूण करतो. पत्राचा मथळा बाजूला ठेवून आतल्या अटी वाचा. देणारा बदल्यात काही मागतो आहे का? ठरावीक तारखेला अहवाल, चाचण्यांचे निष्कर्ष, पेटंटमध्ये हक्क, न वापरलेली रक्कम परत, खर्चाचा शीर्षवार, म्हणजे बाबीनुसार, हिशोब? यातलं काही असेल तर ते प्रायोजित संशोधन किंवा सल्लासेवा असण्याची शक्यता मोठी आहे, पत्रावर कोणताही शब्द छापलेला असो.

माझ्या समोरचंच एक प्रकरण सांगतो. एका उद्योगाने रक्कम पाठवली आणि सोबत दोन पानांचं पत्र. पहिल्या पानावर शिक्षणाला मदत करण्याची इच्छा, आभार, शुभेच्छा. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ: सहा महिन्यांत नमुन्यांच्या चाचणीचा अहवाल आम्हालाच द्यावा, इतरत्र प्रसिद्ध करू नये. अर्जाला जोडलं होतं फक्त पहिलं पान. खातं देणगीचं म्हणून उघडलं गेलं, ओव्हरहेड, म्हणजे विद्यापीठाच्या सामायिक खर्चासाठी घेतला जाणारा वाटा, आकारला गेला नाही, देणगीची पावतीही दिली गेली. पुढे दुसरं पान समोर आलं तेव्हा खातं बंद करणं, पावती रद्द करणं, नवं खातं काढून सगळा खर्च तिकडे वळवणं, हे सारं करावं लागलं. त्या प्रकल्पावरच्या शोधविद्यार्थ्याची शिष्यवृत्ती तेवढा काळ थांबली. एका न जोडलेल्या पानाचा भार त्याने सोसला, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून पत्राची सगळी पानं जोडा, परिशिष्टांसकट, सह्यांसकट. ईमेलमधला ‘मंजूर झालं आहे, पुढे जा’ हा निरोप उत्साह वाढवतो, पण त्यावर खातं उघडता येत नाही.

आणखी एक प्रकार विसरला जातो: दुसऱ्याचे पैसे केवळ सांभाळण्यासाठी ठेवणं. विद्यार्थी मंडळाची वर्गणी किंवा बाहेरच्या संस्थेच्या परिषदेचं नोंदणी शुल्क विद्यापीठाकडे जमा होतं, पण ते विद्यापीठाचं उत्पन्न नसतं. ते उत्पन्नाच्या खात्यात गेलं, तर ताळेबंदात विद्यापीठ उगाच श्रीमंत दिसतं आणि परत देताना तो खर्च वाटतो. अशा पैशाला ठेवीसारखं, देणं म्हणून दाखवणारं खातं लागतं.

उद्देशाचं वाक्य

अर्जात या रकान्याला जेमतेम दोन ओळींची जागा असते, पण खात्याचं पुढचं सगळं आयुष्य या दोन ओळींवर चालतं. पाच वर्षांनी तुम्ही त्या खुर्चीत नसाल, देणाराही कदाचित नसेल. तेव्हा लेखापरीक्षक हेच वाक्य वाचून बिल योग्य की अयोग्य ते ठरवणार.

‘विभागाच्या विकासासाठी’ असं लिहिलं तर त्यात काहीही बसतं आणि म्हणूनच प्रत्येक बिलावर शंका निघते. विकास म्हणजे पुस्तकं, की खुर्च्या, की पाहुण्या व्याख्यात्याचा प्रवास? दुसऱ्या टोकाला अति अरुंद उद्देश असतो. अमुक विषयात, अमुक वर्षात शिकणारी, अमुक भागातून आलेली, अमुक खेळ खेळणारी विद्यार्थिनी. देणाऱ्याची भावना खरी असते, कोणाच्या तरी आठवणीतून ती अट आलेली असते. पण तशी विद्यार्थिनी मिळालीच नाही तर शिष्यवृत्ती वर्षानुवर्षं पडून राहते. खातं उघडण्याआधीच देणाऱ्याशी बोला आणि पत्रात एक पर्याय लिहून घ्या: ‘अशी विद्यार्थिनी न मिळाल्यास त्याच विषयातील अन्य गरजू विद्यार्थिनीला द्यावी.’ देणारा समोर असताना हे पाच मिनिटांचं काम आहे. नंतर त्याच बदलासाठी वारसांचा शोध, कायदेशीर सल्ला आणि व्यवस्थापनाची मंजुरी लागू शकते.

उद्देश आपल्या शब्दांत सजवूही नका. पत्रात ‘उपकरण खरेदी’ आहे आणि अर्जात ‘उपकरणं व देखभाल’, तर देखभालीच्या पहिल्याच बिलावर वाद होणार. पत्रातलं वाक्य जसंच्या तसं उतरवा.

नावाचंही असंच. काही संगणक प्रणालींत खात्याच्या नावाला ३० अक्षरांच्या आसपास मर्यादा असते आणि पुढचं कापलं जातं. यादीत ‘संशोधन प्रकल्प अनुदान – रसायन…’ अशी एकाखाली एक चार खाती दिसतात आणि बिल भलत्याच खात्यावर पडतं. ओळख पटवणारा शब्द, म्हणजे देणाऱ्याचं संक्षिप्त नाव आणि वर्ष, सुरुवातीलाच घ्या.

कायम निधीला एक खातं पुरत नाही

कायम निधी, म्हणजे कॉर्पस, यात मुद्दल राखायचं आणि त्याच्या उत्पन्नातून खर्च करायचा. यासाठी सहसा दोन खाती लागतात, एक मुद्दलाचं आणि एक खर्चाचं. अर्जात एकच मागितलं, तर कधीतरी घाईत मुद्दलातूनच धनादेश निघतो आणि देणाऱ्याला दिलेला शब्द मोडतो.

इथे हिशोबही आधी करून पाहावा. समजा मुद्दल १०,००,००० आहे आणि वर्षाला ४ टक्के खर्चासाठी मिळणार आहेत. म्हणजे ४०,०००. देणाऱ्याला मात्र दरवर्षी २०,००० च्या तीन शिष्यवृत्त्या द्यायच्या आहेत. गणित बसत नाही, हे पत्रावर सही होण्याआधीच सांगायला हवं. शिवाय पैसे वर्षाच्या मध्यावर आले, तर पहिल्या वर्षाचं उत्पन्न अर्धवट असतं. त्या वर्षी पुरस्कार जाहीर करून टाकू नका.

अंदाजपत्रकातला ओव्हरहेड

मंजुरीपत्रातली शीर्षं आणि विद्यापीठाची लेखाशीर्षं यांची नावं क्वचितच जुळतात. पत्रात ‘आकस्मिक खर्च’ असतो, प्रणालीत त्या नावाचं शीर्षच नसतं. कशाला काय म्हणायचं, याचा छोटा तक्ता अर्जासोबत जोडलात तर कारकुनाला अंदाज बांधावा लागत नाही. संगणक घेतला तर तो उपकरणात की उपभोग्य वस्तूंत, हे आधीच विचारून ठेवा.

ओव्हरहेडमध्ये मात्र हमखास चूक होते, म्हणून आकडेच पाहू. प्रत्यक्ष खर्च १,००,००० आणि त्यावर १५ टक्के ओव्हरहेड, म्हणजे १५,०००, एकूण १,१५,०००. आता कोणीतरी ते १५ टक्के एकूण रकमेवर काढले, तर होतात १७,२५०, आणि प्रत्यक्ष कामासाठी उरतात ९७,७५०. फरक २,२५० चा, पण रसायनांचं शेवटचं बिल तेवढ्यासाठीच अडतं. ओव्हरहेड कशावर, प्रत्यक्ष खर्चावर की एकूण रकमेवर, आणि उपकरणं त्यातून वगळली आहेत का, हे पत्रातलं वाक्य अर्जात लिहा.

तारखा आणि सह्या

प्रकल्प सुरू झाल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख आणि खातं उघडल्याची तारीख या तिन्ही वेगळ्या असतात. अर्जात मंजुरीपत्रातलीच सुरुवात आणि शेवट द्या. ‘आजची तारीख’ टाकली, तर त्याआधीचा वैध खर्चही प्रणाली नाकारते. पैसे यायला वेळ आहे पण काम थांबवता येत नाही, अशा वेळी विभागप्रमुखांच्या हमीवर आगाऊ खातं मिळतं का ते विचारा. तसं न करता खर्च दुसऱ्याच प्रकल्पावर टाकून ‘नंतर वळवून घेऊ’ ही वाट धरू नका. मुदत संपता संपता केलेली अशी वळवावळव लेखापरीक्षक आधी काढतो. पहिल्या प्रकल्पातले पैसे तात्पुरते वापरले, असाच त्याचा अर्थ लागतो, हेतू कितीही स्वच्छ असला तरी.

सहीचे अधिकार एकाच माणसाला देऊ नका. प्रमुख संशोधक रजेवर गेला की साहाय्यकाचा पगार अडतो. पर्यायी सही पहिल्याच अर्जात द्या. आणि स्वतःच्या प्रवासाचं बिल स्वतःच मंजूर करता येत नाही, त्यासाठी वरिष्ठाचं नाव हवं. खातं फक्त पाहण्याचा अधिकार साहाय्यकाला मिळाला तर ‘किती शिल्लक आहे?’ या फोनाची गरजच उरत नाही.

क्रमांक मिळाला, तरी खर्च होत नाही

आता सुरुवातीच्या त्या ओळीकडे येऊ. ‘निधी उपलब्ध नाही’ दिसलं की पहिला प्रश्न: पैसे आले आहेत, की अंदाजपत्रक भरलं आहे? या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पैसे जमा असतात पण शीर्षवार रक्कम भरलेली नसते, तेव्हा प्रणालीच्या लेखी त्या शीर्षात शून्यच असतं. उलट पैसे बँकेत येतात पण सोबत संदर्भ क्रमांक नसतो, म्हणून रक्कम सस्पेन्स खात्यात, म्हणजे कोणाचे ते न कळलेल्या पैशांच्या तात्पुरत्या खात्यात, पडून राहते. देणाऱ्याने कोणत्या तारखेला, किती आणि कोणत्या व्यवहार क्रमांकाने पाठवले, हे घेऊन जा. शोध तासाभरात लागतो. रक्कम परदेशातून आली असेल तर विनिमय दर आणि बँक शुल्कामुळे आकडा पत्राशी जुळणार नाही, तेही सांगा.

शिल्लक दिसते आणि तरी मागणी फेटाळली जाते, तेव्हा बांधलेली रक्कम पाहा. खात्यात ८०,००० आहेत, पण ६०,००० ची खरेदी ऑर्डर आधीच निघाली आहे. तिचं बिल आलं नसलं तरी तेवढे पैसे राखून ठेवलेले असतात. तुम्हाला खर्चायला २०,०००. कधी रद्द झालेली जुनी ऑर्डर प्रणालीत तशीच उघडी राहते आणि रक्कम अडवून बसते. ती बंद करायला सांगा.

खरेदी होते पण पगार निघत नाही, असंही घडतं. अनेक ठिकाणी खरेदी आणि वेतन यांच्या प्रणाली वेगळ्या असतात आणि नवा क्रमांक एकीकडे सुरू होऊन दुसरीकडे पोहोचलेलाच नसतो. लेखा विभाग म्हणतो खातं चालू आहे, वेतन काढणारा आस्थापना विभाग म्हणतो क्रमांक सापडत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. अशा वेळी दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करण्यापेक्षा संगणकावरच्या त्या संदेशाचं छायाचित्र, निधी क्रमांक आणि तारीख एकाच ईमेलमध्ये दोघांनाही पाठवा.

म्हणून क्रमांक हाती आला की त्याच आठवड्यात करून पाहण्याजोगी एक गोष्ट सांगतो. खरोखर लागणारी एखादी लहान वस्तू, कागदाची रिमं किंवा हातमोज्यांची पेटी, या नव्या खात्यावर मागवा आणि बिल चुकतं होईपर्यंत तिचा माग ठेवा. साहाय्यक नेमायचा असेल तर वेतन प्रणालीत क्रमांक दिसतो का, ते त्याच्या रुजू होण्याच्या तारखेआधीच विचारून घ्या.